तेरा एप्रिलचा साऊंड

एप्रिलचा दुसरा आठवडा लागला की माझा फोन लागत नाही, अशी तक्रार घरच्यांपासून बँकेच्या वसुलीवाल्यापर्यंत सगळे करतात. त्यांचं बरोबर आहे. ११ तारखेला जोतिबांची जयंती, १४ ला बाबासाहेबांची, आणि मधला सगळा वेळ केबल उलगडण्यात नाहीतर गुंडाळण्यात जातो. मनमाडला माझा साऊंडचा धंदा आहे, वडिलांपासूनचा. ते रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये खलाशी होते. ड्यूटी सुटली की सायकलच्या कॅरियरला आहुजाचा अॅम्प्लिफायर आणि बॅटरी बांधायची, कर्णा खांद्याला लावायचा आणि कुठल्यातरी वस्तीत, नाहीतर अनकाईच्या बाजूच्या खेड्यात निघायचं. पैसे मिळतीलच असं नसायचं. जेवण मिळायचं.

माझ्याकडे आता टेम्पो आहे, बेसच्या पेट्या आहेत, आणि एक डिजिटल मिक्सर आहे ज्याचे हप्ते अजून चालू आहेत. लग्न, हरिनाम सप्ताह, उरूस, गणपती, प्रचारसभा, कशालाही नाही म्हणत नाही.

यंदा जयंती कमिटीच्या मीटिंगला मला बोलावलं होतं, कोटेशन द्यायला. तिथे एका पोराने विचारलं, "काका, गायन पार्टी कशाला पाहिजे? पेनड्राइव्हमध्ये सगळी भीमगीतं आहेत की. पार्टीचे पैसे वाचतील, तेवढ्यात दोन टॉप, म्हणजे बेसच्या वर लावायच्या पेट्या, जास्त येतील." पोरगा हुशार आहे, इंजिनीअरिंगला आहे, त्याच्या प्रश्नात वाकडं काही नव्हतं. मी तिथे गप्प बसलो, कारण ज्याचं बिल निघायचं आहे त्याने मीटिंगमध्ये मत द्यायचं नसतं. इथे देतो.

आधी थोडं धंद्याचं. लग्नात आवाज फाटला तरी कुणाचं काही अडत नाही. लोक नाचतात, जेवतात, घरी जातात. जयंतीच्या गाण्यात मात्र शब्द हाच माल आहे. कर्ज का झालं, पोरीला शाळेतून का काढलं, विहिरीवर कोण आडवं आलं, घटनेत काय लिहिलंय, हे सगळं त्या गाण्यांत असतं. चाल बऱ्याचदा उसनी असते, एखाद्या सिनेमाची नाहीतर कव्वालीची. शब्द तेवढे स्वतःचे. आणि क, च, ट, स ही जी व्यंजनं आहेत, ज्यांच्यामुळे शब्द शब्द म्हणून कळतो, ती साधारण दोन ते आठ हजार हर्ट्झच्या, म्हणजे बारीक, वरच्या आवाजाच्या पट्ट्यात असतात. बेस शंभरच्या खाली. बेसची भिंत लावली की छाती हलते, खिडकीच्या काचा हलतात, आणि व्यंजनं बुडतात. उरतं ते 'आ… ई… ओ'. वडिलांच्या जुन्या कर्ण्याला लोक हसतात, पण कर्ण्यात बेस नसतोच. म्हणून तर त्याचा आवाज कर्कश लागतो, आणि म्हणूनच शब्द लांब शेतापर्यंत जातो.

त्याआधी तर कर्णाही नव्हता. आमच्या नाशिक जिल्ह्याचं नाव आंबेडकरी जलशाच्या, म्हणजे गाण्या-बतावणीतून बाबासाहेबांचा विचार सांगणाऱ्या कार्यक्रमाच्या, इतिहासात मोठं आहे ते भीमराव कर्डकांमुळे. नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. त्याच दशकात कर्डकांचा जलसा गावोगाव फिरत होता. बाबासाहेब म्हणायचे की माझ्या दहा सभा एकीकडे आणि कर्डकांचा एक जलसा एकीकडे, हे आमच्याकडे प्रत्येक शाहीर स्टेजवर सांगतोच. साचा तमाशाचा. सत्यशोधकांनी आधीच त्याच साच्यातून देवांची स्तुती आणि शृंगार काढून टाकला होता. आंबेडकरी जलशांनी तिथे शिक्षण, मेलेल्या जनावराचं मांस सोडणं, मंदिरप्रवेश, सावकारी असले विषय घातले. बायकांची कामं पुरुषच करायचे.

मी साऊंडवाला असल्यामुळे माझ्या डोक्यात वेगळाच प्रश्न यायचा. गॅसबत्तीच्या उजेडात, माइकशिवाय, उघड्या मैदानात शेवटच्या माणसाला ऐकू कसं जायचं? ते गाणं ऐकत ऐकत कळलं. मुख्य गायक ओळ म्हणतो, मागचे झीलकरी तीच ओळ उचलून परत म्हणतात. पुढे बसलेल्याला ती दुसऱ्यांदा ऐकू येते आणि मागे बसलेल्याला पहिल्यांदा. बतावणीत, म्हणजे मधल्या विनोदी संवादातही तेच: एक जण अडाण्यासारखं विचारतो, दुसरा समजावतो, पहिला तेच उलटून बोलतो, लोक हसतात आणि मुद्दा तीन वेळा कानावरून गेलेला असतो. म्हणजे अॅम्प्लिफायर त्या कलेच्या पोटातच होता. कव्वालीच्या अंगाने गाणाऱ्या गायन पार्ट्यांनी तो तसाच पुढे चालवला: ओळ घ्यायची, कोरसकडे द्यायची, परत घ्यायची, मग शेर टाकायचा.

मनमाडला या गोष्टींचं अप्रूप आहे त्याला कारण आहे. गाव रेल्वेचं. फेब्रुवारी १९३८ मध्ये इथे जी. आय. पी. रेल्वेच्या दलित कामगारांची परिषद भरली, अध्यक्ष बाबासाहेब. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असं ते इथे बोलले. त्याआधी १३ ऑक्टोबर १९३५ ला पलीकडे येवल्यात धर्मांतराची घोषणा झालेली. एसटीने तासाभराच्या आत येवला येतं. दरवर्षी त्या तारखेला मुक्तिभूमीवर माणसं लोटतात. आणि पलीकडे सिन्नर तालुक्यातलं देशवंडी, वामनदादा कर्डकांचं गाव. १५ ऑगस्ट १९२२ चा जन्म. शाळा नाही, मुंबईत दुकानांवरच्या पाट्या वाचत वाचत अक्षरं शिकले आणि १९४३ पासून २००४ मध्ये जाईपर्यंत हजारोंनी गाणी लिहिली. ज्या माणसाने एकेक अक्षर असं मिळवलं त्याचा शब्द माझ्या सब-वूफरखाली चिरडला जावा, हे मला तरी पटत नाही.

आता गायन पार्टी म्हणजे काय ते, ज्यांनी फक्त मोबाइलवर ऐकलंय त्यांच्यासाठी. एक बाजाची पेटी, एक ढोलकी, एक बेंजो, हल्ली एक पॅड, तीन-चार कोरसवाले आणि एक गायक किंवा गायिका. बेंजो म्हणजे विलायती सिनेमातला नाही. टाइपरायटरसारखी बटणं दाबायची, तारा छेडायच्या, पोटात पिकअप बसवून अॅम्पला जोडायचा तो. गायकाच्या हातात दोनशे पानी वही असते, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली, कडा तेलकट, मधूनच कुणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेली नवी गाणी खोचलेली. वही कुणी कुणाला देत नाही. दोन पार्ट्यांचा मुकाबला असला की मी दोन्हीकडचे माइक वेगळे ठेवतो, कारण एकाचा सवाल संपायच्या आत दुसऱ्याच्या कोरसला खोकला येतो. मुद्दाम येतो.

आणि बक्षीस. गाणं आवडलं की लोक नोट घेऊन स्टेजकडे येतात, निवेदकाकडे चिठ्ठी देतात, आणि निवेदक दोन कडव्यांच्या मध्ये वाचतो: "सिद्धार्थनगर महिला मंडळाकडून एकावन्न रुपये… भाजीवाल्या आत्याकडून एकवीस रुपये, त्यांच्या नातीला दहावीत ऐंशी टक्के पडल्याबद्दल." बाहेरून आलेल्या पाहुण्यांना हे फार कंटाळवाणं वाटतं. एकदा एका पाहुण्याने माझ्या कानात सांगितलं की नावं वाचताना माइक बारीक करा. मी उलट अर्धा पॉइंट वर केला. ज्या आत्याचं नाव रेशनकार्डावरही धड लिहिलेलं नाही, ते अख्ख्या वस्तीने लाऊडस्पीकरवर ऐकावं, यासाठीच तर आपण पेट्या उतरवतो. शिवाय पार्टीची सुपारी ठरते ती जेमतेम भाडं-जेवणाची. घरी जे जातं ते या एकवीस-एकावन्नमधून.

बायका हे आमचं मोठं गिऱ्हाईक, आणि ते समोर नसतंच, हे मला वडिलांनी दाखवलं. समोर खुर्च्यांवर पाहुणे आणि कमिटी, त्यामागे पोरं. बायका समाजमंदिराच्या मागच्या गल्लीत, ओट्यांवर, पायऱ्यांवर. कुणाचा स्वयंपाक आटपायचा असतो, कुणाचं लेकरू झोपलेलं. आणि आमचं गाव म्हणजे पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवसांनी नळ पाहिलेलं गाव. पाणी त्याच रात्री यायचं असेल तर कान नळाकडेही ठेवावा लागतो. म्हणून मी एक छोटा कॉलम स्पीकर मागच्या गल्लीत लावतो. नुसता लावून चालत नाही. स्टेजचा आवाज तिथपर्यंत, साधारण पस्तीस मीटर, पोचायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. जवळच्या स्पीकरमधून तोच शब्द आधी येतो आणि लांबचा मागाहून येऊन त्यावर पडतो. शब्दाचा चिखल होतो. मागच्या स्पीकरला तेवढा डिले दिला की ओळ एकदम स्वच्छ. कमिटीला या कॉलमचे पैसे लावले तर "हा कशाला?" म्हणतात, म्हणून मी बिलात तो 'इतर' मध्ये घालतो.

त्याच गल्लीतल्या एका आजीला मागे बायकांनी ढकलून स्टेजवर आणलं. जात्यावरच्या ओव्या म्हणायच्या होत्या. माइक समोर धरला तर तिने पदर तोंडाला लावला. खाली बसवलं, माइक बुटक्या स्टँडवर लावला. गायला लागली आणि आवाज एकदा येतोय, एकदा जातोय. मला वाटलं केबल गेली. बघतो तर ती गाताना डुलत होती, पुढे-मागे, हात मांडीवर गोल फिरतोय. जातं नव्हतं पण अंग दळत होतं. तिला "हलू नका" सांगितलं असतं तर ओवी बंद पडली असती. मी माइक हातभर मागे, बाजूला घेतला, गेन चढवला, सिटी मारायला लागली म्हणून स्टेजवरचा मॉनिटर पूर्ण बंद केला. मग बसलं. ओवी तिची स्वतःची होती:

पहिली माझी ओवी गं शाळंच्या पायरीला,
नात माझी हात लावी भीमाच्या लेखणीला.

मागच्या गल्लीतून दुसरी ओवी आली, माइकशिवाय. तिला उत्तर म्हणून स्टेजवरून तिसरी. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी पुण्यातून गावोगावच्या बायकांच्या लाखावर ओव्या गोळा केल्या, त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्यांचाही साठा आहे, इंटरनेटवर त्या ऐकताही येतात. मी ऐकल्या तेव्हा पहिलं लक्ष माझं रेकॉर्डिंगमध्ये डुलण्याकडे गेलं. आवाज तिथेही येतो-जातो.

आता डॉल्बी. मी साधुसंत नाही. माझे हप्ते डॉल्बीवर फिटतात. आणि मिरवणुकीत नाचणाऱ्या पोरांना नावं ठेवणाऱ्यांत मी नाही. ज्या रस्त्यावर नवरदेवाला घोड्यावर बसू दिलं नाही अशा गोष्टी म्हाताऱ्यांकडून ऐकल्यात, त्या रस्त्यावर पोरं नाचतात, पोरीही नाचतात, आयांसकट. आमच्या मिरवणुकीत जेवढ्या बायका नाचतात तेवढ्या मी दुसऱ्या कुठल्या मिरवणुकीत नाचताना पाहिलेल्या नाहीत. त्या दिवशी बेस पाहिजेच. नाचायला व्यंजनं लागत नाहीत.

पेनड्राइव्हलाही मी कमी लेखत नाही. मे २०१५ मध्ये आमच्या जवळच, शिर्डीत, एका तरुणाचा खून झाला. नर्सिंग शिकणारा पोरगा, लग्नाला आलेला. मोबाइलची रिंग वाजली, रिंगटोन बाबासाहेबांच्या गाण्याची, त्यावरून वाद झाला आणि त्याला उचलून नेऊन मारलं. मोबाइलचा स्पीकर तो केवढासा. शेजारच्या टेबलापलीकडे त्याचा आवाज धड जात नाही. तेव्हापासून मला कुणी म्हटलं की तुमच्या जयंतीचा फार आवाज होतो, की मी डेसिबलचं बोलत नाही. कोणाला नेमकं काय ऐकायचं नव्हतं ते त्या दिवशी कळलं. मारणाऱ्यांना शब्द बरोबर कळले होते.

डेसिबलचं बोलायचं तर कायदा मला पाठ आहे. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम: रहिवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते, ते दिवस सरकारी आदेशात येतात. १४ एप्रिल बहुधा त्यात असतोच. १३ ची रात्र नसते. आणि आमचा खरा कार्यक्रम १३ च्या रात्रीचा: बारा वाजता पुतळ्याजवळ मेणबत्त्या, अभिवादन, जयघोष. त्याच्या आधी गाणी.

तर मागच्या जयंतीला, १३ च्या रात्री, दहाला पाच कमी असताना पोलीस साहेब आले. नेहमीचे आहेत, चांगले आहेत, घड्याळ दाखवलं. मी मेन बंद केला. ज्या वस्तीत पेनड्राइव्ह चालू होता तिथे त्या क्षणाला कार्यक्रम संपला, पोरं गाड्या काढून निघून गेली. आमच्याकडे गायिका कडव्याच्या मधोमध होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, माइक स्टँडला अडकवला आणि दोन पावलं पुढे येऊन पुढची ओळ टाकली. कोरसने उचलली. बेंजोचा आवाज अॅम्पशिवाय अगदीच किरकिरा झाला, ढोलकीवाल्याने हात हलका केला. खुर्च्यांवरची माणसं खुर्च्या घेऊन पुढे सरकली, पोरं खाली बसली. तिसऱ्या कडव्याला मागच्या गल्लीतल्या बायका झील धरायला लागल्या, कारण ओळ त्यांना सारखी ऐकून पाठ झाली होती. साहेब निघाले होते, ते गाडीला टेकून थांबले. बारापर्यंत चाललं. दोन तासांचं माझं काम काहीच नव्हतं, मी पहिल्यांदाच चहा पीत पीत जयंतीचा कार्यक्रम ऐकला.

कमिटीतल्या पोराला माझं उत्तर हेच. पेनड्राइव्हला वीज लागते आणि परवानगी लागते. झीलकऱ्याला दोन्ही लागत नाही.

बरं, यंदाचं ठरलं ते असं: १३ ला सात ते दहा गायन पार्टी माइकवर, दहानंतर विनामाइक, १४ ला मिरवणुकीत डॉल्बी. दोन टॉप कमी केले. मी १३ चं निम्मंच बिल लावतो, पण एका अटीवर: पार्टीची बिदागी त्याच रात्री, पाकिटात, मोजून. "वर्गणी जमली की देऊ" हे चालणार नाही. डॉल्बीवाल्याला, म्हणजे मला, अॅडव्हान्स देता ना? मग ढोलकीवाल्याने भिवंडीहून यायच्या भाड्याचे पैसे स्वतःच्या खिशातून का घालायचे? बेंजोवाला दिवसा घरांना रंग मारतो, गायिका अंगणवाडीत आहे. दोघांचे फोन एप्रिलमध्ये दोन आठवडे खणखणतात, नंतर थेट १ ऑगस्टला अण्णाभाऊंच्या जयंतीला, मग येवल्याचा ऑक्टोबर, मग ६ डिसेंबर. एरवी कुणाला त्यांची आठवण येत नाही.

मध्ये मे महिन्यात बुद्ध पौर्णिमा आहे. त्या संध्याकाळची त्यांची तारीख अजून मोकळी आहे. नंबर माझ्या दुकानावर मिळेल; कॉलम स्पीकर मी 'इतर' मध्ये घालतो.